प्रांतांनी (उपविभागीय अधिकाऱ्यांनी) कुळाच्या प्रकरणातलं माझं अपील फेटाळलं. पुढचं महसूल न्यायाधिकरण म्हणजे हायकोर्टच का?

नाही. राजापूरकडची कलमांची बाग, तहसीलदारांनी समोरच्याला कुळ ठरवलं, प्रांतांनी ते कायम केलं, एवढं तुम्ही लिहिलंय. महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरण प्रांतांच्या वर आणि हायकोर्टाच्या खाली. दिवाणी कोर्टाशी त्याचा संबंध नाही, कारण कुळ आहे की नाही हा प्रश्न 1948 च्या कुळकायद्याच्या कलम 85 ने दिवाणी कोर्टाकडून काढून घेतलाय. तिथे मनाईचा दावा लावलात आणि समोरच्याने कुळाचा मुद्दा काढला, की 85अ खाली तो तहसीलदारांकडेच जातो. पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

आधी निकालपत्रावरचं कलम बघा. कुळकायद्याचं 74 असेल तर पुढे त्याच कायद्याच्या 76 खाली न्यायाधिकरणात रिव्हिजन, म्हणजे फेरतपासणी. जमीन महसूल संहितेचं 247 असेल तर ते फेरफाराचं, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नोंदीतल्या बदलाचं अपील; त्याचा रस्ता जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जातो. निम्मी माणसं इथेच चुकतात आणि मुदत घालवतात.

रिव्हिजनची मुदत 60 दिवस. निकालाची नक्कल मिळवायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, पण नकलेच्या मागचा शिक्का नीट वाचा: अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि ती दिल्याची तारीख वेगवेगळी असते. तयार झालेली नक्कल तुम्ही शिमग्यानंतर उचललीत, तर ते दिवस तुमच्याच अंगावर. उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडा.

रिव्हिजन म्हणजे दुसरं अपील नव्हे. निकाल कायद्याविरुद्ध आहे, कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा ठरवलाच नाही, किंवा कार्यपद्धतीतल्या मोठ्या चुकीने अन्याय झाला, एवढंच तिथे बघतात. घरच्या ट्रंकेत आता सापडलेल्या जुन्या पावत्या तिथे सहसा चालत नाहीत. त्या तहसीलदारांसमोरच यायला हव्या होत्या.

तिथेही हरलात तर घटनेच्या अनुच्छेद 227 खाली हायकोर्टात रिट. रत्नागिरी-सिंधुदुर्गसाठी ते ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे, रायगडवाल्यांना मुंबईच. सुप्रीम कोर्ट 136 खाली, तेही परवानगी मिळाली तर.

आणि रिव्हिजन दाखल केली म्हणून आपोआप स्टे मिळत नाही. त्याचा अर्ज वेगळा द्या. स्टे मिळाला की त्याच दिवशी आदेशाची प्रत तलाठ्याला आणि तहसील कार्यालयात देऊन पोच घ्या. नाहीतर तोवर सातबारा बदललेला असतो.