मातीत की मातीवर? रोलाँ गारोसच्या निमित्तानं

सांगलीहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्या लिहितात : "२०२५ च्या जूनमध्ये आम्ही घरातल्या सगळ्यांनी मिळून पॅरिसच्या फ्रेंच ओपन टेनिस स्पर्धेची अंतिम लढत पाहिली. बातम्यांत 'लाल मातीतली झुंज', 'लाल मातीचा बादशहा' असे शब्द सारखे येत होते. आमचे मामंजी तरुणपणी तालमीत मेहनत केलेले. ते म्हणाले, 'लाल माती आमची. यांच्या पायाखाली आहे ती मला माती दिसत नाही.' मग क्ले कोर्टला मराठीत काय म्हणायचं? आणि स्पर्धेचं नाव रोलाँ गॅरो, रोलाँ गारो की रोलँड गॅरोस?"

ताई, मामंजींची नजर पक्की आहे. पडद्यावर जे लाल दिसतं ती माती नव्हेच. भाजलेल्या विटांची बारीक भुकटी आहे ती, आणि तिचा थर एक-दोन मिलिमीटरांहून जाड नसतो. तिच्याखाली चुनखडीचा पांढरा चुरा दाबून घट्ट बसवलेला असतो, त्याखाली जळालेल्या दगडी कोळशाचा भरडा चुरा, मग खडी आणि सगळ्यात तळाशी दगड, म्हणजे पावसाचं पाणी साचायला नको. खेळाडू ज्या कठीण भुईवर उभे असतात आणि चेंडू जिच्यावर आपटून उसळतो, ती मुख्यतः चुनखडीची. वरची भुकटी रंग देते, पाय सरकू देते आणि चेंडूचा वेग खाते. तिच्यावर घर्षण जास्त म्हणून टप्पा पडल्यावर चेंडू मंदावतो, पण उसळतो मात्र उंच.

या भुकटीला मराठीत फार चांगला शब्द आहे, आणि तो आपल्या हातून सुटत चालला आहे याचं मला खरंच वाईट वाटतं. तो शब्द म्हणजे सुरखी. फारसीत 'सुर्ख' म्हणजे लाल, त्यावरून सुरखी. जुन्या बांधकामात चुन्यात विटांची पूड मिसळत. भाजलेल्या मातीचा चुन्याशी संयोग झाला की तो ओलीतही घट्ट होतो. लहानपणी आमच्या आळीत एका जुन्या वाड्याची डागडुजी चालली होती. गवंड्याचे दोन गडी ओसरीवर बसून फुटक्या विटा कुटत, तिसरा चाळणीनं चाळत असे, आणि आम्हा पोरांचे पाय घोट्यापर्यंत तांबडे होत. 'सुरखीत जाऊ नका रे' हे वाक्य मी तिथं ऐकलं. पुढं सगळीकडे सिमेंट आलं आणि सुरखी गेली ती शब्दासकट. सामन्यानंतर खेळाडूंचे पांढरे मोजे पाहिले की मला ती ओसरी आठवते. रंग अगदी तोच.

विटांची भुकटी टेनिसमध्ये आली कशी, याची एक कथा सांगतात. विल्यम आणि अर्नेस्ट रेनशॉ हे इंग्रज जुळे भाऊ १८८० च्या सुमारास दक्षिण फ्रान्समध्ये कान इथं हिवाळ्यात खेळायचे आणि शिकवायचे. तिथल्या उन्हात हिरवळ करपायला लागली. जवळच व्हालोरिस हे कुंभारांचं गाव. तिथली फुटकी, बिघडलेली भाजकी भांडी कुटून त्यांनी तो चुरा हिरवळीवर पसरला. म्हणजे कथेतसुद्धा माती आहे ती भट्टीतून निघालेलीच.

तेव्हा यंत्रानं केलेल्या भाषांतरात दिसणारं 'चिकणमातीचं कोर्ट' हे तर पूर्णच टाकाऊ. इंग्रजीतल्या 'क्ले'चा कोशातला पहिला अर्थ उचलला की असं होतं. रोलाँ गारोसला कोर्टवर रोज पाणी मारतात. खाली खरंच चिकणमाती असती तर खेळाडूंचे पाय घोट्यापर्यंत रुतले असते.

इतर भाषांनी याच कोर्टला काय काय नावं दिली ते पाहण्यासारखं आहे. जर्मनीत ते वाळूचं कोर्ट, नेदरलँड्समध्ये रेतीखडीचं. इटलीत 'तेर्रा रोस्सा', म्हणजे शब्दशः आपली लाल माती. अर्जेंटिनाचे लोक सर्वांत सरळ : ते 'पोल्व्हो दे लाद्रिल्यो' म्हणतात, विटेची धूळ. आणि चार वेळा ही स्पर्धा जिंकलेल्या इगा श्विओंतेकच्या पोलंडमध्ये 'मॉन्चका' म्हणतात. मॉन्चका म्हणजे पीठ. विटेचं पीठ! चाळणीतून पडणारी सुरखी ज्यानं पाहिली आहे त्याला हा शब्द लगेच पटेल.

पण ज्यांची ही स्पर्धा, त्या फ्रेंचांचा शब्द यातला एकही नाही. ते म्हणतात 'तेर बात्यू'. तेर म्हणजे जमीन किंवा माती, बात्यू म्हणजे बडवलेली. त्यांच्या शब्दात लाल रंग नाही, वीट नाही. त्यांना महत्त्वाची वाटली ती बडवण्याची क्रिया. आणि इथं मराठी माणसाला परकं वाटायचं काही कारण नाही, कारण आपल्याकडे ही क्रिया घरोघर होती. जमीन चोपणे. पावसाळा संपला की अंगण खणायचं, ढेकळं फोडायची, पाणी मारायचं आणि चोपण्यानं चोपून चोपून भुई अशी करायची की वर धान्य सांडलं तर दाणा दाणा वेचता यावा. खळंही असंच करत. 'तेर बात्यू'ला 'चोपलेली भुई' यापेक्षा नेमका प्रतिशब्द मला सापडत नाही. दोन सेट्सच्या मधल्या वेळात तिथले कर्मचारी जाळी ओढून भुकटी सारखी करतात, झाडूनं पांढऱ्या रेघा साफ करतात. खळ्याची निगा राखणाऱ्याला ते काम वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

मामंजींच्या आक्षेपाचं मूळ मला इथं सापडतं. तालमीतल्या हौद्याची माती कशी असते? तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालतात, ती मुरवतात, आणि कुस्तीआधी कुदळीनं उकरून भुसभुशीत करतात, कारण तिच्यावर अंग आपटायचं असतं. टेनिसच्या कोर्टचं काम बरोबर उलटं. ते चोपून, रूळ फिरवून जितकं कठीण होईल तितकं चांगलं. एक भुई मोकळी केलेली, दुसरी आवळलेली. रंग तेवढा सारखा, आणि रंगावरून आपण दोघींना एकच नाव दिलं.

मराठी भाषेनं मात्र हा फरक एका छोट्या जागी जपून ठेवला आहे. पैलवान कुठं खेळतो? मातीत. गादीची कुस्ती आली तेव्हा आपण काय म्हणू लागलो? गादीवर. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात. तिथला कुणीही जाणकार 'मातीत खेळतो' आणि 'गादीवर खेळतो' असंच बोलेल, 'गादीत खेळतो' त्याच्या तोंडून येणार नाही. मातीत माणूस शिरतो, माखतो, तिचा होतो. गादी पायाखाली राहते. शेतकरीही मातीत राबतो, मातीवर राबत नाही. 'त' आणि 'वर' यांतला हा भेद व्याकरणाच्या पुस्तकात शिकवावा लागत नाही, तो कानातच असतो.

आता टेनिसकडे या. चोपलेल्या भुईवर दोन मिलिमीटर सुरखी, तिच्यात कुणी शिरू शकत नाही. म्हणून स्पेनचा टेनिसपटू नदाल 'लाल मातीत' खेळला नाही, 'लाल मातीवर' खेळला. 'लाल मातीतली झुंज' वाचलं की मामंजींच्या डोळ्यांपुढे हौदा उभा राहतो, आणि त्यांना ते शब्द उसने वाटतात ते बरोबरच आहे. 'लाल मातीवरची झुंज' म्हणून पाहा. चित्र लगेच बदलतं, आणि कुस्तीचं तिच्याकडेच राहतं.

म्हणून माझं मत असं. मथळ्यात, बोलण्यात 'लाल माती' खुशाल राहू दे. इटालियन माणूसही तेच म्हणतो आणि शब्द आता रुळला आहे. २००५ ते २०२२ या काळात ही स्पर्धा चौदा वेळा जिंकलेल्या, तिथल्या ११६ सामन्यांपैकी फक्त चार हरलेल्या नदालला 'लाल मातीचा बादशहा' म्हटलं तर तेही चालेल, 'चा'मुळे काही बिघडत नाही. फक्त 'मातीत' टाळावं. आणि जिथं कोर्ट कशाचं बनलं आहे हे सांगायचं असेल तिथं सुरखी हा शब्द वापरावा. 'सुरखीचं कोर्ट' पहिल्यांदा ऐकताना थोडं थांबायला होईल, दुसऱ्यांदा होणार नाही.

याच ओघात आणखी दोन शब्द. या कोर्टवर खेळाडू मुद्दाम पाय लांबवून चेंडूपर्यंत जातात, त्याला आपल्याकडे सर्रास 'घसरत जाऊन' लिहितात. घसरणं ही चूक आहे, पाय घसरला म्हणजे तोल गेला. हे कौशल्य आहे, त्याला 'सरकत' म्हणावं. दुसरा शब्द ठसा. चेंडू पडला की भुकटीत ठसा उमटतो आणि शंका आली तर पंच उंच खुर्चीवरून खाली उतरून तो पाहतात. विम्बल्डननं २०२५ मध्ये रेषापंच काढून सगळं यंत्रावर सोपवलं, त्याच वर्षी पॅरिसला मात्र अजून माणसं वाकून ठसा पाहत होती. 'खूण', 'डाग' यांच्यापेक्षा 'ठसा' बरा, कारण त्यात दाबही आला.

आता नावाकडे. हे नाव टेनिसपटूचं नाही, वैमानिकाचं आहे. त्याचा जन्म ६ ऑक्टोबर १८८८ चा, हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावरच्या साँ-दनीचा. २३ सप्टेंबर १९१३ रोजी त्यानं दक्षिण फ्रान्समधल्या फ्रेझ्यूसहून उड्डाण केलं आणि आठ तासांच्या आत ट्युनिशियातल्या बिझर्तला उतरला. न थांबता भूमध्य समुद्र ओलांडणारा तो पहिला. पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या हाती सापडला, तीन वर्षांनी कैदेतून निसटला, परत लढायला गेला आणि ५ ऑक्टोबर १९१८ रोजी विमान पाडलं जाऊन मरण पावला. दुसऱ्या दिवशी तो तीस वर्षांचा होणार होता. १९२७ मध्ये लाकोस्त, कोशे, बोरोत्रा आणि ब्रुन्याँ या चौघा फ्रेंच खेळाडूंनी अमेरिकेत फिलाडेल्फियाला जाऊन डेव्हिस कप, म्हणजे देशादेशांमधली टेनिस स्पर्धा, जिंकला. तो राखण्याची लढत घरी व्हायची तर मोठं स्टेडियम हवं होतं. ते १९२८ मध्ये उभं राहिलं, आणि 'स्ताद फ्रान्से' क्लबचे एमिल लसिअर यांनी आपल्या या गेलेल्या वर्गमित्राचं नाव देण्याचा आग्रह धरला. एका मित्राच्या हट्टामुळे सारं जग दरवर्षी ते नाव घेतं, ही गोष्ट मला फार आवडते.

मग ते घ्यायचं कसं? फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटचा 'स' बहुधा बोलत नाहीत हे आपल्याला लुई, काम्यू, द्यूमा या नावांवरून ठाऊक असतं, म्हणून आपण 'गारो' करतो. पण 'बहुधा' म्हणजे 'नेहमी' नव्हे. 'गारोस'मधला 'स' फ्रेंच लोक स्पष्ट उच्चारतात. हा वैमानिक ज्या गावाहून उडाला त्या फ्रेझ्यूसचाही 'स' बोलतात, आणि खुद्द 'तेनिस'चाही. हुशारीनं सोडून दिलेला 'स' ही इथं चूक ठरते. 'गॅ' इंग्रजीवरून आला, मुळात साधा 'गा' आहे. 'रोलँड'मधला 'ड' मात्र खरोखरच गप्प.

राहिला 'लाँ'. काही जण 'रोलां' लिहितात. मराठी वाचक त्या अनुस्वाराचा 'न' किंवा 'म' करतो. 'लाँ' लिहिलं की आपण 'काँग्रेस'मधल्या 'काँ'सारखा वाचतो, ओठ थोडे गोल आणि आवाज नाकात. पॅरिसच्या माणसाचा उच्चार याच्या पुष्कळ जवळ जातो. हिंदी वाचक 'काँग्रेस' तसं वाचत नाही, ही सोय आपल्याकडे आहे. तेव्हा लेखन 'रोलाँ गारोस'. पॅरिसचं 'पारी' करा असं मी म्हणणार नाही, कारण ते नाव मराठीत कधीचं मुरलं आहे. गारोसच्या बाबतीत चार-चार लेखनं चालू आहेत, म्हणजे अजून काही मुरलेलं नाही. मग मुळाशी जवळचं का घेऊ नये?

लिंगाचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण लिहिताना अडेल म्हणून सांगतो. स्पर्धा मनात असेल तर 'रोलाँ गारोस जिंकली', 'फ्रेंच ओपन जिंकली' तशी. स्टेडियम मनात असेल तर नपुंसकलिंगी : 'रोलाँ गारोस तुडुंब भरलं होतं'. विम्बल्डनला आपण 'जिंकलं' म्हणतो, कारण ते आपल्यासाठी आधी गाव आहे. म्हणजे तुम्ही पाहिलेल्या त्या सामन्याची बातमी घरात वाचून दाखवायची तर अशी : 'लाल मातीवर साडेपाच तासांना एक मिनिट कमी इतका वेळ झुंजून, हरायला एकच गुण उरला असताना तीनदा वाचून, अल्कराझनं सिनरला हरवलं आणि रोलाँ गारोस जिंकली.' यात मामंजींना खटकावं असं काही उरलं नसावं.