क्लबचा खेळाडू की देशाचा? रग्बीवरचे तुमचे प्रश्न

क्लब विरुद्ध देश या रग्बीतल्या जुन्या भांडणावर बरेच प्रश्न आलेत. सगळे घेणं शक्य नाही, पाच घेतोय.

प्रश्न : फ्रान्सने 2025 च्या जुलैत न्यूझीलंडला बी टीम का पाठवली? हा समोरच्या देशाचा अपमान नाही का?

अपमान करायचा हेतू नव्हता, खेळाडू दमलेले होते. टॉप 14 म्हणजे फ्रान्सची क्लब लीग, तिथे साखळी फेरीतच प्रत्येक टीमला 26 मॅच, वर बाद फेरी, शिवाय युरोपियन कप वेगळा. त्या वर्षी फायनल झाली 28 जूनला, तुलूजने बोर्डोला एक्स्ट्रा टाइममध्ये 39-33 ने हरवलं, आणि न्यूझीलंडशी पहिली टेस्ट होती 5 जुलैला ड्युनेडिनमध्ये, म्हणजे मधे एक आठवडा आणि त्यातच अर्धी पृथ्वी पार करायची. फ्रान्सचा स्टार खेळाडू ड्युपॉन्ट तर मार्चमध्येच आयर्लंडविरुद्ध गुडघ्याला दुखापत होऊन बाहेर गेला होता. फ्रेंच फेडरेशन आणि लीग यांच्यातल्या करारातच ठरलंय की खूप खेळलेल्यांना उन्हाळ्यात विश्रांती द्यायची. तरी ती नवखी टीम पहिली टेस्ट 31-27 अशी चारच पॉइंटने हरली, मग मालिका 3-0 गेली.

माझं मत विचाराल तर विश्रांती बरोबर होती, कॅलेंडर चुकीचं आहे. आणि क्लबची बाजूही ऐका, सिक्स नेशन्स ही युरोपातल्या सहा देशांची दरवर्षीची स्पर्धा चालू असताना फेब्रुवारी-मार्चमध्ये टॉप 14 थांबत नाही, त्यामुळे तुलूजसारखा क्लब ज्यांना वर्षभर पगार देतो तेच नेमके नसताना पॉइंटसाठी झगडत असतो, म्हणजे चांगले खेळाडू घडवले की त्याचीच शिक्षा! 2026 पासून जुलै आणि नोव्हेंबरच्या टेस्ट 12 देशांच्या नेशन्स चॅम्पियनशिपमध्ये बांधल्यात, प्रत्येक मॅचचे पॉइंट मोजायचे म्हटल्यावर ही ओढाताण वाढणारच.

प्रश्न : क्लब खेळाडूला सोडायला नकार देऊ शकतो का?

वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेचा नऊ नंबरचा नियम आहे, ठरलेल्या विंडोत, म्हणजे देशांच्या मॅचसाठी राखलेल्या काळात, देशाने बोलावलं तर क्लबने सोडायचंच. विंडोबाहेर मात्र क्लबची मर्जी. वेल्स नोव्हेंबरमध्ये विंडोबाहेर एक जादा टेस्ट घ्यायचं, पैशांसाठी, आणि इंग्लंडच्या क्लबात खेळणारे त्यांचे लोक अडकायचे. 2013 मध्ये नॉर्थॅम्प्टन या इंग्लिश क्लबने वेल्सच्या जॉर्ज नॉर्थला अशा मॅचसाठी सोडलं तर लीगने उलट क्लबलाच 60,000 पौंड दंड ठोकला. 2021 मध्ये तर लायन्सची (ब्रिटन आणि आयर्लंडची एकत्र टीम) जपानशी मॅच आणि इंग्लिश प्रीमियरशिपची फायनल एकाच दिवशी, 26 जूनला!

प्रश्न : आयर्लंडमध्ये ही भांडणं ऐकू येत नाहीत, असं का?

कारण तिथे मालक एकच आहे. लेन्स्टर, मन्स्टर, अल्स्टर, कॉनॉट या चारही टीम युनियनच्या, म्हणजे देशाच्या रग्बी संघटनेच्या, हाताखाली आहेत, मोठ्या खेळाडूंचं कॉन्ट्रॅक्ट थेट युनियनशी, त्यामुळे कोणाला कधी बसवायचं हे ठरवताना वाद घालायला समोर कोणी उरत नाही. इंग्लंडमध्ये 1995 ला खेळ प्रोफेशनल झाल्यावर खेळाडूंचे पगार खाजगी मालकांच्या क्लबांकडे गेले, मग ओढाताण सुरू, आणि क्लबांचं तरी भलं झालं का, तर तेही नाही. 2022 मध्ये वूस्टर आणि वॉस्प्स बुडाले, 2023 मध्ये लंडन आयरिश. शेवटी 2024 मध्ये युनियन आणि क्लब यांनी आठ वर्षांचा करार केला, त्यात 25 पर्यंत खेळाडूंना युनियनचं वेगळं कॉन्ट्रॅक्ट आणि त्यांच्या फिटनेसबाबत शेवटचा शब्द राष्ट्रीय कोचचा. हे वीस वर्षं आधी व्हायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : परदेशी क्लबात गेलं की देशाचं दार बंद होतं का?

देशावर अवलंबून. न्यूझीलंडमध्ये होतं, रिची मोउंगा 2023 च्या वर्ल्ड कपनंतर जपानला गेला आणि ऑल ब्लॅक्स म्हणजे राष्ट्रीय टीमच्या निवडीतून बाहेर पडला. वेल्सने बाहेर खेळणाऱ्यांना आधी देशाकडून 60 टेस्ट खेळल्याची अट घातलेली, 2023 मध्ये खेळाडूंनी संपाची तयारी केल्यावर ती 25 वर आणली. साउथ आफ्रिका कुठूनही निवडते आणि 2019, 2023 दोन्ही वर्ल्ड कप त्यांचेच.

प्रश्न : या सगळ्यात सगळ्यात जास्त नुकसान कोणाचं होतं?

फिजी, सामोआ, टोंगा यांचं, आणि याचा मला खरोखर राग येतो. तिथले पोरगे युरोपात जातात कारण एकेकाच्या पगारावर गावाकडचं अख्खं घर चालतं. मग देशाकडून बोलावणं आलं की क्लब उघड नाही म्हणत नाही, नियमच आहे ना, पण वर्ल्ड कपला गेलास तर पुढचं कॉन्ट्रॅक्ट कमी होईल असं आडून सुचवलं जातं, ही तक्रार तिथले खेळाडू वर्षानुवर्षं करतायत. आणि युनियनकडे एवढे पैसे नाहीत की ते नुकसान भरून देतील. फक्त निष्ठेच्या गोष्टी सांगून कोणाच्या घरी चूल पेटत नाही.

उपाय काय असू शकतो ते फिजीने दाखवलंय. 2022 मध्ये फिजियन ड्रुआ ही तिथली प्रोफेशनल टीम सुपर रग्बी या न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाकडच्या लीगमध्ये आली, पोरांना घरीच राहून प्रोफेशनल खेळता यायला लागलं, आणि 2023 च्या ऑगस्टमध्ये फिजीने लंडनच्या ट्विकनहॅम स्टेडियमवर इंग्लंडला 30-22 ने हरवलं, पहिल्यांदाच, मग वर्ल्ड कपमध्ये ऑस्ट्रेलियालाही. त्या टीमचा मोठा भाग ड्रुआचा होता. अशी घरच्या मैदानावरची टीम सामोआ आणि टोंगाला कधी मिळणार, हा प्रश्न वर्ल्ड रग्बीला विचारत राहायला हवा. श्रीमंत युनियननी तिकिटांचा वाटा पाहुण्या टीमला दिला तरी पुष्कळ फरक पडेल, कारण आज ट्विकनहॅम भरलं तरी त्याचे पैसे यजमानाकडेच राहतात.