आजीचं दुसरं वाक्य

प्रिय बाळा,

काल रात्री दात घासता घासता तू विचारलंस, "आई, आपली माणसं कुणी विचारलेलं नसताना सल्ला का देतात? आणि मला कशाला मध्ये घालतात?" झोपायची वेळ झाली होती आणि उत्तर लांबलचक आहे, म्हणून लिहून देते. एखादा शब्द अडला तर आजीला विचार. तिला आवडेल.

रागाचं कारण मला ठाऊक आहे. शेजारची नवी आई बाळाला कडेवर घेऊन दारात उभी होती, वारा सुटला होता आणि बाळाचं डोकं उघडं होतं. इथे कॅनडात आजीला शेजाऱ्यांची भाषा येत नाही, म्हणून तिने तुला पुढे केलं: "तिला सांग, बाळाला कानटोपी घाल, वारं लागेल." तू कानापर्यंत लाल झालीस, पण सांगितलंस. त्यानंतर आजी आणखी एक वाक्य बोलली होती. "आणि म्हणावं, दमलेली दिसतेस, जा निवांत अंघोळ करून ये, तोवर मी बसते बाळाला घेऊन." ते तू सांगितलंच नाहीस. "चल ना आजी" म्हणून तिला ओढत घरात आणलंस.

मी रागावलेले नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला परक्या बाईशी असं बोलायला लाज वाटणारच. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर तू गाळलेल्या वाक्यात आहे. आपल्याकडे शेजारी सल्ला देतो तेव्हा त्या कामाला हात लावायची तयारीही सोबत असते. निदान असावी, अशी अपेक्षा असते. जो नुसतं सांगतो आणि कामाच्या वेळी दार लावून घेतो, त्याचं बोलणं चाळीतसुद्धा कुणी मनावर घेत नसे.

मी वाढले ती वरळीची बीडीडी चाळ तू फोटोत पाहिली आहेस. 1920 च्या दशकात सरकारने बांधलेल्या त्या इमारती. तळमजला आणि वर तीन मजले, एकेका इमारतीत 80 खोल्या, आणि खोली म्हणजे साधारण 160 चौरस फूट. तुझी झोपायची खोली आणि त्याला लागून असलेलं बाथरूम मिळून जेवढं होईल, जवळजवळ तेवढ्यात आमचं अख्खं घर होतं. संडास मजल्याच्या टोकाला, सगळ्यांचे मिळून. अशा ठिकाणी कुणाचं काही लपत नाही. कुणाचं मूल रात्रभर रडलं, कुणाकडे पाहुणे आले, कुणाची नोकरी गेली, सकाळच्या पाण्याला उभं राहिलं की सगळं कळायचं. आणि कळलं की गप्प बसणं हेच वाईट दिसायचं. "माहीत होतं आणि बोलला नाहीत?" हा मोठा ठपका होता. म्हणून लोक बोलत. मुलाला ताप आहे तर कुठला डॉक्टर हाताचा चांगला आहे, रेशनच्या दुकानात आज साखर आली आहे, अमक्या कॉलेजचे अर्ज उद्या बंद होणार आहेत, हे सगळं न विचारता कानावर पडायचं. माझ्या बारावीच्या प्रवेशाची शेवटची तारीख मला वरच्या मजल्यावरच्या एका काकांनी सांगितली. सांगून थांबले नाहीत, दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर रांगेत उभे राहिले.

पण मला हे सगळं खरं समजलं ते तुझे आजोबा गेले तेव्हा. तू तेव्हा जन्मली नव्हतीस. पहाटे गेले. आपल्यात त्या दिवशी घरात चूल पेटवत नाहीत. आम्हाला भूक-तहान कशाचंच भान नव्हतं. समोरच्या काकूंनी काय करू, काय आणू, असं एका शब्दाने विचारलं नाही. सकाळी थर्मासमध्ये चहा आणून ठेवला, लहान पोरांना आपल्या घरी नेऊन दूध-पोळी दिली, आणि संध्याकाळी स्मशानातून माणसं परत आली तेव्हा पिठलं-भाताचं पातेलं दारात तयार. आजीजवळ बसून तिच्या हातात घास दिला. "दोन घास खा, गोळ्या घ्यायच्या आहेत तुला." आजीला रक्तदाबाच्या गोळ्या आहेत हे आम्ही पोरं त्या गोंधळात विसरलो होतो. काकू विसरल्या नव्हत्या.

त्याच मजल्यावर बँकेत नोकरी केलेले एक काका होते. चौथ्या दिवशी ते आले, माझ्या भावाला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगू लागले. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत व्हायला हवी, नंतर विलंबाची कटकट. दाखल्याच्या प्रती एक-दोन घेऊ नका, आठ-दहा घ्या, कारण बँक, विमा, पेन्शन, गावची जमीन, प्रत्येक जण मूळ प्रत मागतो. बाबांचं नाव आधार, पासबुक आणि सातबाऱ्यावर वेगवेगळं लिहिलं असेल तर आत्ताच बघून ठेवा, दाखल्यावर चूक गेली तर दुरुस्तीला फेऱ्या होतात. आणि आईचं खातं संयुक्त आहे का, ते आधी तपासा, तिच्या हातात या महिन्याला पैसे असले पाहिजेत. असा सल्ला दुःखाच्या घरात मागायला सुचत नाही, आणि कुणी मागेपर्यंत थांबला तर उशीर झालेला असतो. दुसऱ्या दिवशी ते काका भावाबरोबर महापालिकेच्या विभाग कार्यालयात गेले. दाखल्यावर नावाचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर त्यांनी स्वतः वाचून घेतलं, आणि मगच खिडकीपासून हलले.

आजी कोकणातली. ती सांगते, तिच्या माहेरी भाताच्या लावणीला सावड असायची. आज आमच्या शेतात सगळे, उद्या तुमच्या. मजुरी नाही, ज्याचं शेत त्याच्याकडे जेवण. घाटावर यालाच जवळची इर्जिक. चिखलात शेजारी उभं राहून जो लावणी करतो तो "तुझी रोपं फार दाट पडताहेत" असं म्हणाला तर राग येत नाही, कारण त्याच्या पायांनाही तोच चिखल लागलेला असतो.

आणि हे फक्त ओळखीच्यांपुरतं असतं असं समजू नकोस. 26 जुलै 2005 ला मुंबईत पाऊस झाला तो तू शाळेच्या प्रोजेक्टमध्ये वाचला होतास: सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर. मी त्या दिवशी अंधेरीच्या ऑफिसातून चालत निघाले. गाड्या बंद, फोन बंद, पाणी कुठे गुडघ्याला, कुठे कमरेला. अशा वेळी सगळ्यात भीती उघड्या गटारांची असते, कारण पाण्याखाली झाकण आहे की भोक, ते दिसत नाही. एका ठिकाणी एक माणूस हातात लांब बांबू घेऊन पाण्यात उभा होता. बांबू त्याने एका उघड्या मॅनहोलशेजारी रोवून धरला होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला ओरडून सांगत होता, "डाव्या बाजूने चला, भिंत धरून चला, एकमेकांचे हात सोडू नका!" मी पोहोचण्याआधी तो किती वेळ तिथे होता कुणास ठाऊक. मी पुढे गेल्यावरही त्याचा आवाज बराच वेळ येत होता. वस्त्यांमधून बायका स्टीलच्या पेल्यात चहा घेऊन रस्त्यावर आल्या होत्या. एका घरात मला आत बोलावलं, कोरडा सलवार-कुर्ता दिला, आणि त्या घरच्या आजी म्हणाल्या, "आता पुढे जाऊ नकोस, माहीमच्या बाजूला पाणी चढतंय, इथेच झोप." मी झोपले. त्यांचं माझं नातं काय होतं? त्यांच्या दारावरून मी जात होते, एवढंच.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण नुसतं गोड सांगितलं तर ते खोटं होईल. आपल्या समाजाने सगळ्यांना शेजारी मानलं नाही. गावात काही माणसांची वस्तीच वेगळी, वेशीबाहेर, आणि सगळ्यांच्या तळ्यावर त्यांना पाणी भरू देत नसत. म्हणून 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर हजारो लोकांना घेऊन जावं लागलं, ओंजळभर पाणी पिण्याचा हक्क बजावण्यासाठी. शेजारधर्माच्या गोष्टी सांगताना मला हे गाळायचं नाही. ज्याच्या हातचं पाणी चालत नाही त्याला दिलेला सल्ला म्हणजे हुकूमच.

आणि काही सल्ले खरंच चुकीचे असतात. लहान बाळाला मध चाटवायचा, डोळ्यांत काजळ घालायचं, हे आपल्याकडे किती तरी घरांत सांगतात. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. काजळात शिसं असू शकतं. हे मी आजीला सांगितलं आहे आणि तिने ऐकलं आहे. तसंच, मुलगी जाड का झाली, लग्न कधी, पगार किती, मूल कधी, हे प्रश्न काळजीच्या नावाखाली विचारले जातात आणि माणसं त्यांनी घायाळ होतात. तुला कुणी असं काही बोललं तर तू ऐकून घ्यायचं कारण नाही. माझ्याकडे ये.

मग चांगला सल्ला कसा द्यायचा, हे मी चाळीतल्या त्या समोरच्या काकूंकडून शिकले, ज्यांना तू भेटली नाहीस. त्या कधी "असं कर" म्हणायच्या नाहीत. "आमच्याकडे बाई असं करतात, बघ, पटलं तर" असं म्हणायच्या. मग विषय बदलायच्या. पुन्हा विचारायला यायच्या नाहीत की, केलंस का? मी ऐकलं नाही तरी संध्याकाळी वाटीभर आमटी यायची ती यायचीच. आणि आजीने ती वाटी कधी रिकामी परत केली नाही. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर घालून दिली. घेणाऱ्यालाही देता आलं पाहिजे, नाहीतर तो उपकाराखाली वाकतो.

तू म्हणशील, ते तिकडचं झालं, इथे कॅनडात, मिसिसागामध्ये लोकांना आवडत नाही. आपण या घरात आलो त्या शरदात काय झालं ते आठव. समोरचे आजोबा हातात पाना घेऊन आले. बाबांनी त्यांना बोलावलं नव्हतं. म्हणाले, बाहेरच्या नळाचा व्हॉल्व तळघरात असतो, तो थंडी पडायच्या आत बंद करा आणि बाहेरचा नळ उघडा ठेवून उरलेलं पाणी काढून टाका, बागेला पाणी घालायचा पाइप सुटा करून आत ठेवा, नाहीतर पाणी गोठून भिंतीतली नळी फुटते. नंतर स्वतः तळघरात उतरले, टॉर्च धरून व्हॉल्व शोधून दिला. आम्हा दोघांना मुंबईत असलं काही कधी लागलं नव्हतं. तेही न विचारताच आले होते ना? तुला तेव्हा त्यात काही विचित्र वाटलं नव्हतं. वेगळं इतकंच की त्यांना मध्ये दुभाषी लागला नाही.

आजीला लागतो, आणि तो दुभाषी तू आहेस. हे ओझं आहे, मला मान्य आहे. तेव्हा आपण असं करू. आजीला मी सांगेन की परक्यांना काही सांगायचं असेल तर आधी तुला किंवा मला विचारायचं. तुला एखादं वाक्य सांगावंसं वाटलं नाही तर तू तिला तोंडावर "हे मी नाही सांगणार" असं म्हण, ती समजून घेईल. पण सांगायचं ठरलंच तर मदतीचं वाक्य आधी सांग आणि सल्ल्याचं नंतर. शेजारच्या ताईंना आधी कळू दे की कुणीतरी अर्धा तास बाळ घेऊन बसायला तयार आहे. टोपीचं मग नाही सांगितलंस तरी चालेल. आणि त्या "नको" म्हणाल्या तर हसून "बरं" म्हणायचं, दोनदा विचारायचं नाही.

दुसरं म्हणजे, समोरच्या आजोबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या सोमवारी आहे. पायऱ्या उतरायला त्यांना काही आठवडे जमणार नाही. कचऱ्याचे डबे आदल्या रात्री बाहेर लावायचे आणि शाळेतून आल्यावर आत घ्यायचे, हे तुझ्याकडे. बर्फ पडला तर त्यांचा ड्राइव्हवे बाबा साफ करतील, पायऱ्या निसरड्या होऊ नयेत म्हणून त्यांवर मीठ तू टाक. रविवारी मी त्यांच्यासाठी भाजीचं सूप करणार आहे. डबा तू नेऊन दे, आणि फ्रिजमध्ये कुठे ठेवला ते त्यांना दाखव, म्हणजे त्यांना शोधायला उठावं लागणार नाही.

तुझी,
आई