अकरा खोक्यांतली मोटरसायकल

*जुन्या गाड्यांबद्दल वाचकांचे प्रश्न आणि ताईंची उत्तरं*

प्रश्न : ताई, नमस्कार. आजोबांची जावा माझ्या वाट्याला आली आहे. २५० सीसी, टू-स्ट्रोक. चौदा वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. किक हलत नाही, टाकीत गंज आहे, पण भाग बहुतेक सगळे जागेवर आहेत. सायकलचं पंक्चर सोडलं तर मी आजवर काहीच दुरुस्त केलेलं नाही. चार दिवस सुट्टी आहे. त्यात पूर्ण गाडी खोलून फ्रेमपासून सुरुवात करावी म्हणतो. आधी कुठली हत्यारं घेऊ?
— नवशिका, वय २४

उत्तर : हत्यारांचं सांगते, पण आधी ती चार दिवसांची योजना रद्द करा.

मी माझी पहिली गाडी एका रविवारात खोलली होती. संध्याकाळपर्यंत फ्रेम नुसती उघडी उभी, हात कोपरापर्यंत काळे, आणि मी भलतीच खूश. सुटे भाग अकरा खोक्यांत भरले. त्यातली सहा खोकी पुढची तीन वर्षं उघडलीसुद्धा नाहीत. उघडली तेव्हा कुठला वॉशर कुठला, काही केल्या आठवेना. इंजिनाच्या बाजूच्या झाकणाचे स्क्रू दिसायला सारखे, पण ते तीन वेगवेगळ्या लांबीचे होते. मी लांब स्क्रू आखूड भोकात घातला, तो तळाला टेकला, आणि मी आपली पिळतेच आहे. टक् असा आवाज आला आणि केसिंगचा कान तुटून हातात. तो आवाज अजून विसरलेले नाही.

खोलणं सोपं असतं हो. गाड्या खोलताना मरत नाहीत, खोक्यांत मरतात. म्हणून तुमची जावा चाकांवर उभी राहू द्या आणि एका वेळी एकच काम हातात घ्या. ते जोडून झालं की पुढचं. पहिलं ध्येय एवढंच, की इंजिन एकदा सुरू झालेलं ऐकायचं. रंग, क्रोम, सीट सगळं त्यानंतर. इंजिनाच्या आतच काही मोठं बिघडलेलं असेल, तर टाकीवर नवा रंग चढवल्यावर ते कळून काय उपयोग?

झाकण उघडाल तेव्हा पुठ्ठ्यावर त्याचा आकार काढा, स्क्रूच्या जागी भोकं पाडा आणि निघेल तो स्क्रू त्याच भोकात खोचून ठेवा. फोटो काढा, हवे त्याच्या दुप्पट काढा. वायर कुठून कशी वळते, केबल हँडलच्या पुढून जाते की मागून, हे आज अगदी उघड वाटतं. तीन आठवड्यांनी पुसटसंही आठवत नाही.

आता जाम इंजिन. कुणीतरी सांगेल, गाडीवर उभा राहा आणि किकवर उडी मार. उडी मारू नका. किकच्या गिअरचे दात जातात, आणि रिंग गंजून सिलेंडरला चिकटली असेल तर तीही तुटते. प्लग काढा, त्या भोकातून गंज सोडवणारं तेल ओता आणि आठवडाभर थांबा, रोज थोडी भर घालत. मग प्लग बाहेरच ठेवून गाडी वरच्या गिअरमध्ये टाका आणि मागचं चाक धरून पुढे-मागे हलवा, धक्का न देता, झुलवल्यासारखं. तुमच्या गाडीत किक आणि गिअरचा दांडा एकच आहे, त्यामुळे नक्की कुठल्या गिअरमध्ये आहोत याचा सुरुवातीला गोंधळ होईल. चाक आपोआप सुटं फिरतंय का यावरून ओळखा. केसाएवढंही हललं तरी जिंकलात, बाकी काम तेल आणि वेळ करतील. नाहीच हललं, तर हेड काढून पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवायचा आणि हलके ठोके द्यायचे. हातोडी थेट पिस्टनला लावायची नाही.

सुटलं म्हणून लगेच किक मारू नका. टू-स्ट्रोकचं सिलेंडर काढणं सोपं आहे, ते काढून आत बघाच. गंजाचे खड्डे नखाला लागत असतील, तर रिबोअर करून, म्हणजे सिलेंडर आतून कातून मोठं करून, पुढच्या मापाचा पिस्टन घालावा लागेल. हे काम घरी होत नाही, सिलेंडर जाणत्या माणसाकडे द्या. आणि सिलेंडर वर उचलण्याआधी खालच्या क्रँककेसच्या, म्हणजे पिस्टनखालच्या इंजिनाच्या पेटीच्या, तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. मी कोंबलं नव्हतं. पिस्टन पिनची लॉक, ती नखाएवढी तारेची कडी, पक्कडीतून सुटली, उडाली आणि नेमकी त्या तोंडात गेली. त्या एका कडीसाठी पूर्ण इंजिन उतरवून दोन भागांत उघडावं लागलं. जुनी कडी पुन्हा वापरायची नाही, हेही लक्षात ठेवा. तिचा ताण गेलेला असतो. चालत्या इंजिनात ती सुटली तर सिलेंडरवर खोल चर काढते.

आणखी एक गोष्ट बहुतेक नवशिके विसरतात, ती म्हणजे क्रँकची ऑइल सील, फिरत्या दांड्याभोवतीची फट बंद करणारी रबरी कडी. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं आणि तिथून वर सिलेंडरमध्ये ढकललं जातं. चौदा वर्षांत सीलचं रबर लाकडासारखं कडक होतं. मग त्या फटीतून जास्तीची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन भाजून निघतो. लक्षण असं, की थ्रॉटल सोडला तरी इंजिन खाली यायला तयार नाही, चढूनच राहतं. गिअरबॉक्सच्या बाजूचं सील गेलं, तर इंजिन तिथलं तेल पितं आणि मागे पांढऱ्या धुराचा पडदा सोडतं. यातलं काहीही दिसलं तर कार्बोरेटरशी खेळत बसू नका, दोष तिथे नाही.

सील बदलायला इंजिन उतरवायचं झालं, तर पुढच्या स्प्रॉकेटचा आणि क्लचचा नट इंजिन फ्रेममध्ये असतानाच ढिला करून घ्या. चेन जागेवर असते, कुणालातरी मागचा ब्रेक दाबून बसवता येतं. उतरवलेलं इंजिन टेबलावर नाचतं आणि नट काही सुटत नाही. नटाखालच्या वॉशरची दुमडलेली कड आधी सरळ करा. आटे सुलटे की उलटे ते गाडीच्या पुस्तकात बघा, जोर लावण्याआधी.

बेअरिंग बसवताना ठोकाठोकी नको. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. केसिंग शंभर अंशांच्या आसपास तापवलं आणि बेअरिंग फ्रीझरमध्ये ठेवलं, की ते आपल्या वजनानं टप्पकन घरात बसतं. पंचवीस वर्षं हे करतेय, तरी दर वेळी ती टप्पकन ऐकून हसू येतं. केसिंग तापवायला घरातला जेवणाचा ओव्हन घेतलात, तर पुढचं तुमचं तुम्ही निस्तरा.

ठिणगी बघताना प्लग हेडच्या धातूला टेकवून किक मारायची, पण प्लगच्या भोकापासून लांब. भोकातून पेट्रोलची वाफ उडते आणि ती पेट घेते. पॉइंटमधली, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्कांमधली, फट साधारण ०.४ मिलिमीटर ठेवा. पॉइंट साफ करूनही पुन्हा पुन्हा जळत असतील, तर कंडेन्सर बदला.

टाकीतल्या गंजाला सायट्रिक ॲसिडचं पाणी पुरतं. कॉक, म्हणजे पेट्रोलची तोटी, काढून भोक बंद करायचं, टाकी भरायची, एक-दोन दिवस ठेवायची. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं खळबळून लगेच, म्हणजे अगदी लगेच, वाळवायची आणि आत तेल फिरवायचं. ओली टाकी तासाभरात पुन्हा तांबूस होते. काही जण बॅटरी चार्जर लावून गंज काढतात. तीही पद्धत चांगली आहे, पण आत सोडायची सळई साध्या लोखंडाची घ्या. स्टेनलेस स्टीलची घेतली, तर पाण्यात क्रोमियमचं विषारी रूप उतरतं. चार्जरच्या पद्धतीत हायड्रोजनही निघतो, म्हणून काम उघड्यावर करा.

राहिली हत्यारं. मिलिमीटरचे रिंग पाने, फट मोजायच्या पट्ट्यांचं फिलर गेज, खाचेत घट्ट बसणारे स्क्रू ड्रायव्हर, हातोडीचा ठोका दिला की फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर, आणि घट्ट बसलेले भाग ओढून काढणारा, तुमच्या इंजिनाला बसणारा पुलर. फिरता-सरकता पाना कुणी भेट दिला तर नळाच्या कामाला ठेवा.

प्रश्न : माझ्याकडे १९७० च्या दशकातली फोर-स्ट्रोक ट्विन, म्हणजे दोन सिलेंडरची गाडी आहे. चालू आहे, ब्रेकही ठीक. तिची कॅफे रेसर करायची आहे. मागची फ्रेम कापून छोटी गोल कड वेल्ड करणार, खाली बसणारं क्लिप-ऑन हँडल, एअरबॉक्स काढून उघडे फिल्टर आणि एक्झॉस्टला पट्टी. मित्राकडून ग्राइंडर आणलाय, वेल्डिंग मशीनही त्याच्याकडे आहे. काही सल्ला?
— घाईत असलेला

उत्तर : ग्राइंडर मित्राला परत द्या.

कॅफे रेसर ज्यांनी जन्माला घातली, ती १९५० आणि ६० च्या दशकांतली ब्रिटनमधली पोरं. लंडनच्या एस कॅफेसारख्या ठिकाणी जमायची आणि ताशी शंभर मैल गाठायची धडपड करायची. त्यांनी हँडल खाली घेतलं ते वाऱ्यापासून वाकून बसता यावं म्हणून. नॉर्टनच्या फेदरबेड फ्रेममध्ये ट्रायम्फचं इंजिन बसवून ट्रायटन केली, कारण एकाची फ्रेम चांगली होती आणि दुसऱ्याचं इंजिन. प्रत्येक बदलाला काहीतरी कारण होतं. तुमच्या यादीतल्या चारही गोष्टींना प्रत्येकी एक कारण लिहा बघू. ‘फोटोत छान दिसतं’ हेही कारण आहे, मी नाक मुरडणार नाही. पण मग त्याची किंमत काय, हेही शेजारी लिहा.

मागच्या फ्रेमला शॉक ॲब्सॉर्बर वरून टेकलेले असतात. कापण्याची रेघ त्या जोडाच्या जवळ आली, तर खड्ड्यात बसणारा प्रत्येक दणका नव्या वेल्डवर जाणार. हौशी वेल्ड वरून सुंदर आणि आतून पोकळ असू शकतो, आणि तो तुटतो तेव्हा तुम्ही वर बसलेले असता. शिवाय बदललेली फ्रेम तुमच्याकडच्या नियमांत बसते का, हे आधीच विचारून घ्या. त्याऐवजी सीटचा नवा सांगाडा करा, मूळ भोकांना नट-बोल्टनं बसणारा. लांबून कुणाला फरक कळत नाही आणि दोन वर्षांनी कंटाळा आला तर जुनी सीट पुन्हा चढते. काढलेला एकही भाग फेकू नका.

उघड्या फिल्टरचं प्रकरण जास्त फसवं आहे. कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं, त्या एअरबॉक्सला धरून ठरवलेले असतात. तो काढलात की हवा वाढते, मिश्रण पातळ होतं आणि मधल्या आरपीएमला गाडी अडखळते. जेट बदलत, प्लगचा रंग बघत आठवडेच्या आठवडे जातात. मी एकदा केलं. सतरा वेळा कार्बोरेटर उतरवला, मग गुपचूप एअरबॉक्स परत लावला. आता विचारणाऱ्यांना सांगते, तो मूळ शैलीचा मान आहे.

पट्टी नको. ती ओलावा धरून ठेवते आणि पाइप आतल्या आत खाऊन टाकते. क्लिप-ऑन मात्र खुशाल लावा, पण हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून बघा. टाकी आणि हँडल यांच्यामध्ये अंगठा सापडतो का? केबल ताणली जाते का? इंजिन चालू ठेवून हँडल वळवल्यावर आरपीएम आपोआप चढत असतील, तर ती गाडी घेऊन रस्त्यावर जायचं नाही. केबल योग्य लांबीची घ्या किंवा तिचा मार्ग बदला, आणि मग पुन्हा बघा.

प्रश्न : टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरमधली जाळी-नळी काढून टाकली की गाडी जास्त पळते, असं सगळेच म्हणतात. खरं का?
— एक वाचक

उत्तर : आवाज जास्त येतो. तोच कानाला वेग वाटतो.

टू-स्ट्रोकचा एक्झॉस्ट नुसता धूर बाहेर सोडत नाही. आतला दाब लाटेसारखा पुढे जातो, पाइपच्या बदलत्या आकारावर आपटून मागे येतो आणि बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलेंडरमध्ये ढकलतो. हे गणित पूर्व जर्मनीत एमझेड या मोटरसायकल कंपनीच्या वॉल्टर काडन यांनी १९५० च्या दशकात इतकं पक्कं केलं, की १९६१ पर्यंत त्यांच्या १२५ सीसी इंजिनातून २५ अश्वशक्ती निघू लागली. त्याच वर्षी त्यांचा रायडर एर्न्स्ट डेग्नर देश सोडून पळाला आणि सुझुकीकडे गेला. १९६२ ची ५० सीसी विश्वविजेती सुझुकी होती, चालवणारा डेग्नर. एका पाइपच्या आकाराची एवढी किंमत असताना तुम्ही सळई घालून आतलं ओढून काढणार? त्यापेक्षा सायलेन्सरमध्ये साचलेला काजळीचा थर साफ करा. गेलेला दम बऱ्याचदा तिथेच सापडतो.

प्रश्न : ताई, मी आणि बाबा मिळून जुनी गाडी करतोय. रंग मी मारणार! दोन डबे मिसळून मारायचा चकचकीत रंग घरच्या कंप्रेसरनं मारू का? बाबांनी नाकाला लावायचा कागदी मास्क आणलाय.
— वय १६

उत्तर : शाबास गं. पण तो रंग नको. हार्डनर मिसळून मारायच्या त्या रंगात आयसोसायनेट असतात, ती फुप्फुसांना कायमची इजा करतात. कागदी मास्क त्यांना अडवत नाही, वेगळी स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो. घासणं, लांबी भरणं, प्रायमरनंतर पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरनं हात फिरवणं हे सगळं तू कर. रंगाचं निम्म्याहून जास्त काम तेच आहे. शेवटचा हात मात्र रंगाच्या बूथमध्ये मारून घ्या आणि बाहेरून काचेतून बघ.

आणि बाबांना सांग, जुने ब्रेक ड्रम उघडताना आतली धूळ फुंकरीनं किंवा कंप्रेसरनं उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसायची आणि ते फडकं पिशवीत बांधून टाकायचं.