वाचकांचे प्रश्न : कोपनहेगनमध्ये जेवण दुपारी, फिरणे संध्याकाळी

प्रश्न : जूनच्या शेवटच्या आठवड्यात मी, माझे पती आणि सासूबाई असे तिघे चार दिवसांसाठी कोपनहेगनला जाणार आहोत. आम्ही दोघे मासे खातो. सासूबाई शुद्ध शाकाहारी आहेत, त्यांना अंडेही चालत नाही आणि गुडघेदुखीमुळे जिने चढवत नाहीत. तेथील जेवण फार महाग असते असे ऐकले आहे. खाणे आणि स्थळदर्शन यांची सांगड कशी घालावी?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दिवसाचे मुख्य जेवण दुपारी घ्यावे आणि पाहण्याची निम्मी ठिकाणे संध्याकाळसाठी राखून ठेवावीत, असे आम्ही आग्रहाने सुचवू. आपण जाल तेव्हा तेथे रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे जेवणानंतरही हिंडायला भरपूर उजेड मिळतो. शिवाय ज्या पदार्थासाठी या शहरात आवर्जून जेवावे, तो ‘स्मोरब्रो’ मुळात दुपारच्याच जेवणाचा आहे. तो वाढणारी कित्येक जुनी भोजनगृहे संध्याकाळी बंद असतात. रात्री भोजनगृहात बसून जेवायचे म्हटले, तर त्याच शहरात बराच अधिक खर्च येतो.

स्मोरब्रो या शब्दाचा अर्थ ‘लोणी-पाव’ एवढाच आहे. राय नावाच्या धान्याच्या (आपली राई म्हणजे मोहरी नव्हे) गडद, जड आणि आंबूस पावाच्या पातळ कापावर लोणी लावून त्यावर मासे, मांस, अंडी किंवा भाज्या रचलेल्या असतात. वरून दुसरा काप ठेवत नाहीत आणि तो हाताने न उचलता काटा-सुरीने खातात. खाण्याचा क्रमही ठरलेला असतो : आधी मुरवलेला हेरिंग मासा, मग इतर मासे, त्यानंतर मांसाचे प्रकार आणि शेवटी चीज. आपण दोघांनी हेरिंगपासून सुरुवात करून नंतर तळलेल्या प्लेस माशाचा काप मागवावा. हेरिंग गोडसर-आंबट असतो. आपल्या तिखट कालवणाची सवय असलेल्या जिभेला पहिला घास परका वाटेल, पण त्या आंबूस पावाबरोबर त्याची चव जुळते. पाव भाकरीसारखा पोटभरीचा असल्यामुळे माणशी दोन-तीन काप पुरतात.

सासूबाईंसाठी उकडलेल्या बटाट्याच्या चकत्यांचा काप मिळतो. त्यावर बहुधा अंड्याचे मेयोनेज आणि कधी कधी डुकराच्या मांसाचे कुरकुरीत तुकडे घालतात, म्हणून दोन्ही वगळण्यास मागणी नोंदवतानाच स्पष्ट सांगावे. ‘शाकाहारी’ एवढा एकच शब्द तेथे पुरेसा नाही, कारण त्यात अंडे चालते असेच गृहीत धरले जाते. नॉरेपोर्ट स्थानकाजवळ टोर्वेहॅलर्ने नावाची काचेची दोन बाजारगृहे २०११ पासून आहेत. तेथे मासळी, चीज, भाज्या, पाव आणि तयार पदार्थ जवळजवळ मिळत असल्याने तिघांनी तीन तऱ्हेचे घेऊन एकत्र बसणे सोपे जाते. तेथूनच संध्याकाळसाठी पाव, चीज आणि फळे घेऊन ठेवावीत. नळाचे पाणी पिण्यास उत्तम आहे, बाटल्या विकत घेऊ नयेत.

जगभर ‘डॅनिश’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पापुद्र्यांच्या गोड पावाला खुद्द डेन्मार्कमध्ये ‘व्हिएन्नाचा पाव’ म्हणतात. १८५० मध्ये स्थानिक कामगारांच्या संपामुळे बेकरीमालकांनी ऑस्ट्रियातून कारागीर आणवले आणि त्यांची रीत तेथे रुजली. खसखस पेरलेला आणि दालचिनीचा, हे दोन्ही प्रकार आपण अवश्य चाखावेत. सासूबाईंना देण्यापूर्वी अंड्याची चौकशी करावी.

आता पाहण्याविषयी. ‘ख्रिश्चन चौथा’ या डॅनिश राजाने बांधवलेला आणि १६४२ मध्ये पूर्ण झालेला गोल मनोरा सासूबाईंनाही जमण्यासारखा आहे, कारण आत जिन्याऐवजी साडेसात वेढ्यांचा फरसबंद चढ आहे. रशियाचा पीटर द ग्रेट १७१६ मध्ये घोड्यावरून वर गेला, तो याच चढावरून. अगदी शेवटच्या टप्प्यावर मात्र अरुंद पायऱ्या आहेत. त्यांनी त्याखालीच थांबावे. न्यूहाउनच्या कालव्याकाठची रंगीत घरे नौकेतून पाहावीत, म्हणजे चालणेही वाचते. परीकथांचा लेखक हान्स ख्रिश्चन अँडरसन वेगवेगळ्या काळी या काठावरील तीन घरांत राहिला. काठावर बसून जेवण्यापेक्षा ते पैसे नौकेसाठी खर्च करावेत. अँडरसनच्या कथेवरून घडवलेली जलपरीची मूर्ती १९१३ ची असून जेमतेम सव्वा मीटर उंच आहे. बहुतेक नौका तिच्याजवळून जातात, तेवढे पुरे. एक संपूर्ण संध्याकाळ मात्र टिव्होली या उद्यानाला द्यावी. १८४३ पासून चालू असलेल्या या उद्यानात प्रवेशाचे तिकीट वेगळे आणि पाळण्यांचे वेगळे असते, त्यामुळे बागेत नुसते बसू इच्छिणाऱ्यांवर खर्चाचा भार पडत नाही. २३ जूनच्या रात्री आपण तेथे असाल, तर पाण्याकाठी पेटवल्या जाणाऱ्या सेंट जॉनच्या होळ्या चुकवू नका.

चलन डॅनिश क्रोन आहे, युरो नव्हे, आणि जवळजवळ सर्वत्र कार्ड चालते. रस्त्याच्या कडेचा सायकलींचा पट्टा ओलांडताना दोन्हीकडे पाहावे. सासूबाईंचा हात तेथे सोडू नये.

प्रश्न : कोपनहेगनमध्ये भारताशी संबंध असलेले काही पाहता येईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : होय. ख्रिश्चनशाउन भागात ‘एशियाटिक चौक’ असून तेथे पूर्वेकडील व्यापाराच्या काळातील अठराव्या शतकातली गोदामे उभी आहेत. राष्ट्रीय संग्रहालयात त्रांकेबार, म्हणजे तमिळनाडूतील तरंगंबाडी येथून आलेल्या वस्तू आहेत. १६२० मध्ये डॅनिशांनी तेथे ठाणे वसवले होते. बंगालमधील श्रीरामपूर हे त्यांचे दुसरे ठाणे. कंपनी सरकारच्या हद्दीत मज्जाव असलेल्या इंग्रज मिशनऱ्यांना तेथे आश्रय मिळाला आणि तेथील छापखान्यातूनच विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये व मराठी कोश १८१० मध्ये बाहेर पडला. ही दोन्ही ठाणी डेन्मार्कने १८४५ मध्ये इंग्रजांना विकली. संग्रहालय आणि चौक दोन्ही एका सकाळी पाहून होतात.