अंगावरून जातंय आणि डॉक्टर म्हणतात १२ दिवस थांबा

प्रश्न : मॅडम, माझं हे पहिलंच गरोदरपण आहे. तारखेप्रमाणे सात आठवडे दोन दिवस झालेत, पाळी मात्र माझी ३८ दिवसांनी येते. परवापासून अंगावरून थोडं तपकिरी जातंय, दुखत नाही. खालून सोनोग्राफी केली, त्यात सॅक ११ मिमी, योक सॅक आहे, ठोके नाहीत, शेजारी थोडं रक्त साठलंय असं आलं. डॉक्टर म्हणाले १२ दिवसांनी परत करू. सासूबाईंनी 'पिशवी रिकामी' एवढंच ऐकलं आणि आता म्हणतात साफ करून घे, आणि आतून मशीन घातल्यानेच रक्त वाढलं म्हणे. पायाखाली उशी ठेवून झोपवून ठेवलंय. काय करू?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, सगळी गोम त्या ३८ दिवसांत आहे. आपण आठवडे मोजतो ते शेवटच्या पाळीपासून, आणि त्यात धरलेलं असतं की पाळी २८ दिवसांची, अंडं चौदाव्या दिवशी फुटतं. तुमचं ते दहाएक दिवस उशिरा फुटलं असणार, म्हणजे कागदावर सात आठवडे असले तरी गर्भ अजून सहा आठवड्यांचाही नसेल, आणि ११ मिमीची सॅक त्या हिशोबात अगदी चपखल बसते. ठोके दिसायला लागतात तेच सहाव्या आठवड्याच्या आसपास, मग आता कुठून दिसणार?

आणि सासूबाईंना सांगा, सॅक म्हणजे तुमची गर्भपिशवी नव्हे, तिच्या आतला पाण्याचा फुगा. स्क्रीनवर काळा गोल दिसतो ना, त्यात बारीक पांढरी बांगडी असते ती योक सॅक, गर्भाला सुरुवातीला पोसणारी. ती गर्भपिशवीत दिसली म्हणजे गर्भ बाहेर बीजनळीत रुजलेला नाही, आणि रक्त जाताना आम्हाला खरी भीती असते ती त्याचीच.

१२ दिवस डॉक्टरांनी हवेतून काढलेले नाहीत. सॅक २५ मिमी झाली तरी आत गर्भ नाही, किंवा गर्भ ७ मिमी होऊनही ठोके नाहीत, तेव्हाच एका स्कॅनवर 'गेलं' म्हणायचं असा नियम आहे, कारण मोजताना एक-दोन मिमी सहज इकडेतिकडे होतं. योक सॅक दिसल्यावर ११ दिवसांनीही ठोके आले नाहीत तर मात्र वाढ थांबली म्हणतात. तसं होऊही शकतं, खोटं कशाला सांगू, पण बहुतेकदा ते गुणसूत्रांच्या गडबडीने होतं, तुमच्या चालण्याउठण्याने नाही. तोवर साफ करायची घाई कोणी करू नये.

प्रोब, म्हणजे आत घालतात ती सोनोग्राफीची दांडी, योनीतच राहतो, पिशवीच्या तोंडातून आत जात नाही, त्यामुळे गर्भ हलत नाही. तपासणीनंतर जो डाग दिसतो तो बहुधा आधीच साठलेलं रक्त. पोटावरून केली असती तर लघवी तुंबवून बसवलं असतं आणि इतक्या लहान गर्भाचं चित्र धूसरच आलं असतं. झोपून राहिल्याने गर्भ टिकतो असं काही नाही, उशी काढा, घरात फिरा. फक्त जड उचलू नका आणि रक्त थांबेपर्यंत संबंध टाळा.

मात्र तासाला दोन पॅड भिजायला लागले, चक्कर आली, एका बाजूला किंवा खांद्यात जोरात दुखलं तर १२ दिवस वगैरे विसरा, रात्री दोन वाजले तरी निघा.

रक्तगट लिहिला नाहीत. निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना आजच फोन करून सांगा, अँटी-डी इंजेक्शन (आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिकार तयार होऊ नये म्हणून देतात ते) लागेल का ते ठरवतील.