गणपतीसाठी भूप रागात नवं समूहगान बसवतोय. पाश्चात्त्य हार्मनी, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळे सूर, घातली तर राग बिघडेल का?

बिघडेलच असं नाही. जपायचं ते रागाचं चलन, म्हणजे त्याची सुरांतून फिरण्याची रीत, आणि हार्मनी त्याच्या सुरांतूनच उभी करायची. भूपात म आणि नी नाहीत, त्यामुळे पियानोवरचे नेहमीचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट, सरसकट उचलू नका. सा-ग-प आणि ध-सा-ग एवढे दोन हाताशी आहेत, तेवढ्यात पुष्कळ होतं. मात्र खालच्या आवाजाला धैवतावर (ध) फार वेळ थांबवू नका. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य सूर, गंधार (ग) आहे, धैवत प्रबळ झाला की त्याच सुरांतून देशकार हा दुसरा राग डोकावू लागतो.

एस्टोनियाचे संगीतकार आर्वो पार्ट यांनी 1976 पासून वापरलेली रीत मला इथे फार जवळची वाटते: एक आवाज सुरावट गातो, दुसरा फक्त एका कॉर्डच्या तीन सुरांवर फिरतो. दुसऱ्याला सा-ग-प द्या. क्वचित रे आणि ग एकत्र घासतील, ते राहू द्या, त्यातच आजचा रंग आहे.

मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, एकाच आवाजाला द्या, बाकीच्यांनी स्थिर सूर धरावा. सगळ्यांनी मींड घेतली की सूर गढूळ होतो. तालीम तंबोऱ्यावर करा. कीबोर्डचा गंधार किंचित चढा असतो.

आणि आपल्या कोकणातल्या भजनी मंडळींना जरूर घ्या. बुवांमागून, म्हणजे मुख्य गायकामागून, गजर उचलणारा कोरस लयीला पक्का असतो. पखवाज-झांजेवर शेवटचा गजर त्यांच्याकडेच सोपवा, तिथे हार्मनी नको, सगळे एका सुरात.